आता कळून काय उपयोग?

पंचेचाळिशीची एखादी बाई जेव्हा म्हणते, की मला ऑटिझम आहे का हे तपासून घ्यायचं आहे, तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच. शिक्षण झालं, नोकरी लागली, संसार झाला, मुलं हाताशी आली. आता कळून काय उपयोग? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. ऑटिझमच्या मूळ स्वरूपावर कोणतंही औषध नाही. सवलती मिळतील म्हणावं, तर या वयात त्यांचीही फारशी आशा नाही. पण निदान केवळ उपचारासाठी करायचं असतं, हे आपण कुठून ठरवलं? मोठ्या वयातलं निदान हे पुढच्या आयुष्याइतकंच मागच्या आयुष्यासाठी असतं. चाळीस वर्षं जो दोष माणूस स्वतःच्या स्वभावाला, आळसाला, कोत्या मनाला देत आला, तो त्याचा दोष नव्हताच, हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी अधिकाराने सांगतं. माझ्या मते एवढा उपयोग पुरेसा आहे, आणि तो मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

ही माणसं लहानपणी नजरेतून सुटली कशी, याचं उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ ऑटिस्टिक मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी मुलाच्या बारीकसारीक सवयी नोंदवणारं ३३ पानांचं पत्र कॅनर यांना पाठवलं होतं. त्या पत्राशिवाय कॅनर यांचं काम इतकं सोपं झालं नसतं. पुढे डोनाल्डनी गावातल्याच बँकेत नोकरी केली, ते गोल्फ खेळले, देशोदेशी हिंडले, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारले. म्हणजे ऑटिस्टिक मूल मोठं होतं, म्हातारंही होतं, याचा दाखला पहिल्याच मुलाने दिला होता. तरीही पुढची कित्येक दशकं हा लहान मुलांचा आजारच मानला गेला.

घडाघडा बोलणारी, पुस्तकात रमणारी मुलं तर व्याख्येतच बसत नव्हती. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांबद्दल १९२६ मध्येच जर्मन भाषेत लिहिलं होतं, आणि व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या जगाने दोघांकडेही पाहिलं नाही. (आस्परगर यांचं नाझी राजवटीशी असलेलं सहकार्य २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडलं गेलं, म्हणून अनेक जण ते नाव आता टाळतात, ते योग्यच आहे.) लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये हा विषय पुन्हा पुढे आणला. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथात आस्परगर हे निदान आलं १९९४ मध्ये, आणि २०१३ मध्ये सगळे प्रकार एकाच वर्णपटात सामावले गेले. आता १९८५ मध्ये साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या शाळेत चौथीत बसलेली, पाढे तोंडपाठ असलेली आणि मधल्या सुट्टीत एकटीच भिंतीशी उभी राहणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला ओळखणार कोण? बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण मिसळत नाही’ असा शेरा लिहिला, आणि त्या काळात याहून अधिक अपेक्षा कोणाकडूनच करता आली नसती.

घरात मात्र असे शेरे जिव्हारी लागतात. घुमा, माणूसघाणी, तऱ्हेवाईक, हट्टी, शिष्ट. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारा मुलगा शिष्ट ठरतो. ताटातल्या दोन भाज्या एकमेकींना लागल्या म्हणून जेवण सोडणारी मुलगी लाडावलेली ठरते. वरातीतल्या बँडचा आवाज कानात सुईसारखा घुसतो, असं सांगणाऱ्याला नाटकी म्हणतात. रोज ऐकलं की मूल स्वतःबद्दल तेच मानू लागतं. मग ते शिकतं. समोरच्याच्या डोळ्यांत नाही, तर भुवयांच्या मध्ये बघायचं. कोणी हसलं की अर्ध्या क्षणाने आपणही हसायचं. फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून घ्यायची. हे सोंग इतकं बेमालूम वठतं, की पुढे डॉक्टरही फसतात.

बायकांच्या बाबतीत हे अधिक घडतं. २०१३ च्या त्या निदान-निकषांत एक फार महत्त्वाची अट आहे. लक्षणं लहानपणापासूनची असायला हवीत. मात्र भोवतालच्या सामाजिक अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पुरती दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे दडून राहतील, हे तिथे मान्य केलेलं आहे. आपल्याकडे मुलीच्या आयुष्यात या अपेक्षा आवाक्याबाहेर कधी जातात? बहुतेकींच्या बाबतीत लग्नानंतर. माहेरी तिची स्वतःची चादर होती, ठरलेली जागा होती, आणि तिच्या वतीने पाहुण्यांशी बोलणारी आई होती. सासरी एका दिवसात सगळं बदलतं: स्वयंपाकघराची मांडणी, फोडणीचा वास, कुकरच्या शिट्ट्या, दार न वाजवता खोलीत येणारी माणसं. त्यात न बोलता समजून घ्यायच्या शंभर गोष्टी. सासूबाई ‘राहू दे, मी करते’ म्हणाल्या तर ते खरंच राहू द्यायचं नसतं, हे इतर सुनांना कळतं. हिला कळत नाही, आणि ती उद्धट ठरते. मंगळागौर, हळदीकुंकू, नणंदेचं डोहाळजेवण, प्रत्येक प्रसंगी हसतमुख राहून ती रात्री बाथरूमचं दार लावून बसते. वर्षभरात तिला नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्या चुकीच्या असतात असं नाही, नैराश्य खरंच असतं. पण ते कशातून आलं, हे कोणी शोधत नाही. हा शोध न घेण्याची किंमत मोठी आहे. मोठेपणी आस्परगरचं निदान झालेल्या इंग्लंडमधल्या ३७४ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं होतं.

पुष्कळांना शंका येते ती स्वतःच्या मुलामुळे. मुलाच्या तपासणीत डॉक्टर एकेक प्रश्न विचारतात, आणि बापाच्या लक्षात येतं, की ही सगळी उत्तरं माझीही आहेत. ऑटिझमला आनुवंशिकतेचा मोठा आधार आहे, त्यामुळे यात नवल नाही. पण या बापाने जायचं कुठे? केंद्रं आहेत ती बालविकासाची. भारतात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वापरली जाणारी प्रश्नावली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली गेली की ऑटिझम नाही. नजर भिडते का, ओळखीचं हसू येतं का, असे त्यातले मुद्दे बाहेरून दिसणाऱ्या वागण्याचे आहेत. ज्याने तीस वर्षं नजर भिडवण्याचा सराव केला, तो इथे साहजिकच ‘नाही’ या बाजूला पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला २१ अपंगत्वांत जागा दिली, त्याआधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानेही त्याची दखल घेतली होती. कायद्यात वयाची अट नाही. अडचण मोजमापात आणि मोजणाऱ्यांच्या प्रशिक्षणात आहे.

‘हल्ली फॅडच आलंय’ हा आक्षेपही ऐकू येतो. मोबाइलवरचे तुकडे पाहून स्वतःला ऑटिस्टिक म्हणवणारे आहेत, हे खरं. अवधानदोष, मंत्रचळ, सामाजिक भीती, बालपणातला आघात यांची काही चिन्हं ऑटिझमसारखीच दिसतात, आणि एकाच माणसात दोन गोष्टी एकत्रही असतात. नेमकं म्हणूनच जाणकाराकडून नीट तपासणी हवी. ‘थोडे थोडे आपण सगळेच तसे असतो’ हे वाक्य मात्र कृपा करून कोणाला ऐकवू नका. गर्दीचा कंटाळा सगळ्यांना येतो; गर्दीतून आल्यावर दोन दिवस अंथरुणात पडून राहावं लागत नाही. आणि ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हेही अर्धंच खरं. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की ही न कळण्याची गोष्ट दोन्ही बाजूंनी आहे; इतरांनाही त्यांचं मन कळत नाही. त्या सुनेला सासर जितकं कळलं नाही, तितकीच ती सासरला कळली नाही. तडजोड मात्र एकटीनेच केली.

निदानानंतर सगळं गोड होत नाही. हलकं वाटतं, मग राग येतो, मग गेलेल्या वर्षांचं दुःख. गायिका सुझन बॉयल यांना लहानपणी मेंदूला इजा झाल्याचं सांगितलं गेलं होतं. खरं निदान त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर, २०१३ मध्ये जाहीर केलं. ती मधली वर्षं कोणी परत देत नाही. पण लग्नाच्या हॉलमधून तासाभराने निघणं, ऑफिसात कोपऱ्यातली जागा मागणं, ‘मला स्पष्ट शब्दांत सांगा’ असं नवऱ्याला म्हणणं, हे आता अपराधी न वाटता करता येतं.

आणखी एक अडचण आहे, आणि ती लवकर सोडवायला हवी. मोठ्या माणसाचं निदान त्याच्या बालपणाच्या पुराव्यावर उभं राहतं, आणि तो पुरावा बहुधा एकाच व्यक्तीपाशी असतो: आईपाशी. ती आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहे. तिला विचारायला गेलं की ती आधी घाबरते. माझ्याच हातून काही चुकलं का, असं तिला वाटतं. या भीतीला इतिहास आहे. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात ऑटिझमचं खापर थंड वृत्तीच्या आयांवर फोडलं होतं. ते मत केव्हाच मोडीत निघालं, हे तिला पहिल्या वाक्यात सांगा. मग विचारा: मी बोलायला कधी लागले? कोणते कपडे टोचतात म्हणून रडायचे? एकच खेळ किती वेळ चालायचा? मोठ्या बहिणीला विचारा, मावशीला विचारा, जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, आणि सगळं तारखेनिशी लिहून ठेवा. आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांत मोठ्यांच्या तपासणीची सोय करावी, प्रौढांसाठी वेगळी प्रश्नावली आणावी, ही मागणी आपण करत राहू. पण ती मान्य होण्याची वाट पाहू नका. या दिवाळीत घरी जाल तेव्हा वही घेऊन आईजवळ बसा.