तेलाचा डाग आणि शुद्धीचा प्रश्न

कपड्यावरचा तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. दोघांशीही जमेल असे तिसरे काहीतरी मध्ये आणावे लागते. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. रिठा आणि शिकेकाईतली सॅपोनिने हेच काम करतात. म्हणून फोडणीचे तेल सदऱ्यावर उडाले, तर आधी बेसन किंवा टाल्कम पावडर भुरभुरून वरचे तेल शोषून घ्यावे, मग भांड्यांचा पातळ साबण डागावर चोळून थोडा वेळ ठेवावा आणि कापडाला सोसेल इतक्या गरम पाण्यात कपडा खळखळून काढावा. डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नये; उष्णतेने तो पक्का बसतो. सायकलच्या साखळीचे काळे वंगण आणखी चिवट. ते सैल करण्यासाठी आधी खोबरेल तेल चोळतात आणि मग दोन्ही तेले साबणाने काढतात. म्हणजे डाग काढायचा तर आधी डागात भर घालावी लागते, आणि काढणारा पदार्थही शेवटी काढावाच लागतो. चित्तशुद्धीचा विचार करणाऱ्या भारतीय परंपरा धुण्याच्या दाखल्याकडे पुन्हा पुन्हा वळल्या, तेव्हा त्यांची गाठ याच अडचणीशी पडली.

धर्मशास्त्राची भूमिका त्यातल्या त्यात व्यवहारी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कापडागणिक उपाय दिले आहेत: रेशीम व लोकर खाऱ्या मातीने, कुतप नावाची घोंगडी रिठ्याने, तलम अंशुपट्ट बेलफळाने, जवसाच्या धाग्याचे क्षौम पांढऱ्या मोहरीने. थांबायचे कधी, याचीही कसोटी आहे. मळाचा वास आणि लेप जाईपर्यंत माती व पाणी वापरावे. जो दोष दिसलाच नाही, तो धरू नये. शुद्धी इथे इंद्रियांना कळते तेवढीच. पण तोच अध्याय पैशाच्या व्यवहारातली शुद्धता सर्वश्रेष्ठ मानतो आणि माती-पाण्याची शुद्धी तिच्यापुढे कमी लेखतो. त्या शुद्धतेला वास-लेपाची कसोटी कशी लावायची, हा प्रश्न मात्र तिथे सुटत नाही.

जैन विचारात मळ केवळ उपमेपुरता उरत नाही. कर्म हे खरोखरच सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्य आहे, ते जीवाला चिकटते. उमास्वातींच्या 'प्रशमरति'त दाखला आहे तो तेल लावलेल्या अंगाचा: त्याला धूळ बसते, तसे राग-द्वेषांनी ओलावलेल्या जीवाला कर्म लागते. धूळ सगळीकडेच असते. चिकटपणा ज्याचा त्याचा. श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या पायाशी असलेल्या मराठी लेखामुळे चामुंडराय मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. त्याच्या काळातल्या नेमिचंद्रांनी 'गोम्मटसारा'त लोभाच्या चार पायऱ्या चार रंगांनी दाखवल्या आहेत. सर्वांत पक्का किरमिजी रंग, त्याखाली गाडीच्या चाकाचे वंगण, मग अंगाचा मळ आणि शेवटी हळद. पहिल्याचे फळ नरक, वंगणाचे पशुयोनी, अंगमळाचे मनुष्यजन्म, हळदीचे देवगती. कपड्यावर हळद सांडली की घरात हाहाकार उडतो खरा, पण हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. वंगण उन्हाला दाद देत नाही. क्रम लावणाऱ्याला धुण्याची जाण होती. मळ वस्तुरूप असल्याने तो केवळ कळून जात नाही, हेही इथे ओघाने आलेच. नवे चिकटणे थांबवायचे आणि जुने तपाने झडवायचे, असे दुहेरी काम उरते.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातही वस्त्राचा दाखला आहे: जाड मळ आधी झटकला जातो, सूक्ष्म मळाला प्रयत्न आणि उपाय लागतो. तमिळ शैव सिद्धांत याहून धीट. धोबी कपड्याला शेण आणि खारी माती फासतो, तसा ईश्वर मायेचा मळ लावूनच जीवाचा मूळ मळ काढतो. शंकराचार्यांच्या नावावरच्या 'आत्मबोधा'त निवळीचे बी येते. त्याची पूड पाणी नितळ करते आणि स्वतःही तळाशी बसते. ज्ञान तसेच अज्ञान घालवून स्वतः मावळते. दाखला सुंदर आहे, पण पुरता नाही. तळाशी बसलेले पाण्याबाहेर गेलेले नसते. भांडे हलले की पुन्हा वर येते.

ही उणीव नेमकी हेरली आहे ती पाली संयुत्तनिकायातल्या खेमकसुत्ताने. खेमक हा भिक्षू कौशांबीजवळ बदरिकारामात आजारी होता. घोषितारामातल्या थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, दासक नावाच्या भिक्षूकरवी त्याला विचारले, की देह, वेदना वगैरे पाच स्कंधांत तू 'मी' किंवा 'माझे' असे काही पाहतोस का? त्याने नाही म्हटले. मग तू अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त आहेस, असे थेरांचे अनुमान. तेही त्याने नाकारले. दासकाच्या इतक्या खेपा झाल्या, की शेवटी खेमक काठी टेकत स्वतःच थेरांकडे गेला. 'हा मी' अशी समजूत गेली, तरी 'मी आहे' हा सूक्ष्म अंश उरतो, हे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने धोब्याचा दाखला दिला. मळके वस्त्र खारी माती, क्षार आणि शेण लावून चोळले, स्वच्छ पाण्यात धुतले. मळ गेला. तरीही वस्त्राला वास उरतो, आणि तो मळाचा नसतो, धुण्याच्या पदार्थांचा असतो. मनूच्या कसोटीने तेव्हाच थांबता आले असते, कारण ती मळाच्या वासापुरती आहे.

उपायाचाच वास उरला, तर तोच उपाय पुन्हा लावून काय होणार? म्हणून मालक ते वस्त्र आणखी चोळत नाही. तो ते सुगंधी करंडीत ठेवतो आणि वास हळूहळू जातो. साधनेत या करंडीच्या जागी आहे स्कंधांचा उदय आणि अस्त पाहत राहणे. हे विवरण चालू असतानाच ऐकणारे साठ थेर आणि बोलणारा खेमक, सर्वांची चित्ते आसवांतून, म्हणजे चित्तमळांतून, मुक्त झाली, असे सुत्त सांगते.