दुधाविषयी आपण कोणता प्रश्न विचारतो?



दुधात संप्रेरके असतात, त्यांमुळे कर्करोग होतो, म्हणून मुलांना दूध देऊ नका, असा संदेश आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. एखादी माता तो वाचून घाबरते व घरातले दूध बंद करते. दुसरी तो जसाच्या तसा दहा जणींना पाठवते. शहानिशा दोघीही करीत नाहीत. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:६) आलेली बातमी पारखून घेण्याची जी ताकीद आहे, ती अशा बातमीलाही लागू पडते.

सूरह अन्-नहलमध्ये (१६:६६) शेण आणि रक्त यांच्यामधून निघणाऱ्या शुद्ध दुधाकडे अल्लाहची निशाणी म्हणून पाहावयास सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे (१६:११६) स्वतःच्या जिभेने एखादी वस्तू हलाल वा हराम ठरविण्यास मनाई आहे. तेव्हा भीतीपोटी दुधालाच निषिद्ध ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र कुरआन केवळ ‘हलाल’ म्हणून थांबत नाही, ‘हलाल आणि तय्यब’ म्हणतो (२:१६८). आज आपल्या घरी येणारे दूध तय्यब आहे काय, हा प्रश्न म्हणूनच उरतो.

या भीतीचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे नोव्हेंबर १९९३ मध्ये गायींना टोचावयाच्या कृत्रिम वाढ-संप्रेरकाला सरकारी मान्यता मिळाली. मोन्सॅन्टो कंपनीने ते ‘पॉसिलॅक’ या नावाने बाजारात आणले. दर चौदा दिवसांनी एक इंजेक्शन, आणि दूध अधिक. हे संप्रेरक म्हणजे एक प्रथिन. ते माणसाच्या पोटात पचून जाते आणि माणसाच्या शरीरावर त्याचा परिणामही होत नाही. शंका निघाली ती दुसऱ्याच घटकाविषयी. आयजीएफ-१ नावाचा वाढघटक गायीत आणि माणसात अगदी एकसारखा असतो आणि इंजेक्शन दिलेल्या गायीच्या दुधात तो वाढू शकतो. ज्यांच्या रक्तात तो अधिक असतो, त्यांच्यात काही प्रकारचे कर्करोग किंचित अधिक आढळतात, हेही खरे. परंतु आपले शरीर स्वतःच रोज हा घटक दुधातून मिळणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक तयार करते. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडने २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा दुग्धजन्य पदार्थांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बहुधा कमी होतो असे दिसले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबाबत धोका वाढण्याचे संकेत मिळाले, पण पुरावा तोकडा. एवढ्यावरून मुलाच्या तोंडचा पेला काढून घेणे न्यायाचे ठरत नाही.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढे घडली. १९९९ मध्ये कॅनडाने हे इंजेक्शन नाकारले. माणसाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीला त्यात मोठा धोका आढळला नव्हता. नकार मिळाला तो पशुवैद्यांच्या समितीमुळे. कासदाहाचा धोका २५ टक्क्यांपर्यंत, लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत वाढतो, गर्भधारणेवर परिणाम होतो, असे त्यांनी सांगितले. युरोपीय संघानेही जनावरांच्या आरोग्याचे व कल्याणाचे कारण देऊनच बंदी घातली. म्हणजे ज्या औषधाविषयी जगभर ‘मला काय होईल?’ असे विचारले जात होते, त्याचा निवाडा ‘गायीला काय होते?’ या प्रश्नाने केला. आपल्याकडील संदेशांत ही गाय कोठेच नसते.

आपल्या गोठ्यांतील गोष्ट निराळी आहे. येथे ज्या इंजेक्शनची चर्चा होते ते ऑक्सिटोसिन. ते वाढ-संप्रेरक नव्हे. त्याने दूध तयार होत नाही, कासेतले दूध खाली उतरते. पारडू जवळ असेल तर म्हैस आपण होऊन पान्हा सोडते. पण दूध वाचविण्यासाठी रेडकू उपाशी ठेवले, ते मेले, की म्हैस पान्हा चोरते. मग दोन वेळा सुई. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये ‘फूका’ या जुन्या क्रूर पद्धतीबरोबरच, दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास घातक असे कोणतेही द्रव्य टोचणे हा गुन्हा ठरविला आहे. तरीही सुई चालते, आणि लिटरमागे दोन रुपये कमी घेणाऱ्याकडे आपण वळतो तेव्हा त्या सुईत आपलाही वाटा असतो. (कर्करोगाची भीती दाखविणाऱ्या संदेशाला हे सांगायला सोयीचे नसावे; त्यात दोष नेहमी दुसऱ्याचा असतो.)

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातही कासेशी खेळ होत असे. विक्रीपूर्वी उंटिणीची वा शेळीची धार न काढता कास तुंबवून ठेवीत, म्हणजे ग्राहकाला ती भरपूर दुभती वाटे. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली आणि फसलेल्या ग्राहकाला एक साअ खजुरासह जनावर परत करण्याचा हक्क दिला. त्या दुधाने कोणी आजारी पडले होते काय, हा प्रश्नच तेथे नाही. ग्राहकाची फसवणूक झाली, एवढे पुरेसे होते.

जनावराचा हक्कही विसरला गेला नाही. धार काढताना कासेत थोडे दूध राहू द्यावे, असे प्रेषितांनी (स.) एका सहाबींना सांगितल्याची हदीस आहे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे ज्या शाफई फिकहला मानतात, त्यातील इमाम नववी यांच्या ‘रौजतुत्-तालिबीन’मध्ये चतुष्पादांच्या पोषणाच्या प्रकरणात दुधावर पहिला हक्क वासराचा मानला आहे, त्याचे भागून उरेल तेच मालकाचे. आणि तेथेच, धार काढणाऱ्याने सडांना इजा होऊ नये म्हणून आपली नखे कापलेली ठेवावीत, असेही लिहिले आहे.