चांदीचे नाक, सोन्याचे नाक

चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्या समाजात दोनच उत्तरे तयार असतात. अल्लाहने दिलेल्या रूपात ढवळाढवळ करणे हराम, हे एक. आमचा चेहरा, आमचा पैसा, तुम्ही कोण विचारणारे, हे दुसरे. आम्हाला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांनी 'स्माईल ट्रेन' या संस्थेच्या मदतीने दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर वर्षानुवर्षे मोफत शस्त्रक्रिया केल्या. त्या हराम आहेत असे म्हणणारा आलिम आमच्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे रूप बदलणे सरसकट निषिद्ध नाही, हे आपण मनातून मान्य केलेलेच आहे. प्रश्न उरतो तो रेघ कुठे ओढायची याचा.

हदीसमध्ये अरफजा बिन असद यांची हकिकत येते. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषाला एरवी सोने वर्ज्य. ही हकिकत सोन्याच्या परवानगीसाठी नेहमी सांगितली जाते, पण आम्हाला तिच्यात आणखी काही दिसते. धातूच्या नाकाने वास येत नाही, जीवही वाचत नाही. ते नाक चारचौघांत बसता यावे म्हणून होते. म्हणजे लोकांच्या नजरेला तोंड देता येणे ही माणसाची गरज आहे, चोचला नव्हे, हे तिथे मान्य झाले. शिवाय दोन पद्धतींपैकी जी टिकेल, जी त्रास देणार नाही, तीच सुचवली गेली.

हा दुसरा भाग आपण विसरतो. स्टोव्हच्या भडक्यात गळा आणि हनुवटी भाजलेली मुलगी घ्या. मांडीची पातळ कातडी काढून लावली तर काम लवकर होते, पण ती पुढे आकसते आणि मान पुन्हा खाली ओढली जाते. पूर्ण जाडीची त्वचा कमी आकसते. रक्तपुरवठ्यासकट शेजारचा भाग वळवून आणला तर आणखी कमी, पण शस्त्रक्रिया मोठी. यातले काय निवडायचे हे पुष्कळदा घरातले पुरुष ठरवतात, आणि मोजमाप असते 'लग्नापुरते दिसले पाहिजे'. मुलीला मान वळवून रस्ता ओलांडायचा आहे, नमाजमध्ये सलाम फेरायचा आहे, हे त्या हिशेबात येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आहेत. तिचा पहिला अवतार २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यात नांदेडही होते. तेव्हा नेहमी पैशाचीच सबब चालणार नाही.

आता सुरकुत्यांकडे वळू. चेहरा ताणण्याच्याही अनेक रीती आहेत. पूर्वी नुसती कातडी ओढून शिवत. ती लवकर सैल पडे आणि चेहरा ताणलेला दिसे. कातडीखालच्या स्नायुपटलाचे वर्णन मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी १९७६ साली केले, आणि पुढे ओढ त्या थरावर देऊ लागले. १९९० साली हामरा यांनी त्याहून खोल थराची पद्धत मांडली. खोल काम अधिक टिकते असे ती करणारे सांगतात, पण ते चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या जवळून जाते. त्याला इजा झाली तर हसू वाकडे होते. आपल्या भावाकडे हसून पाहणे हाही सदका आहे, असे आपण हदीसमध्ये ऐकतो. दोन-चार वर्षांच्या तारुण्यासाठी ते हसू पणाला लावायचे का, हे ज्याने-त्याने आधी ठरवावे. धाग्यांनी ओढण्याचा परिणाम वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. आणि मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्याची कातडी अशा वेळी काळी पडून मरू शकते, हे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवे.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली मलेशियात ठराव केला: जन्मजात किंवा अपघाताने आलेले व्यंग दुरुस्त करावे, पण आजार नसताना सुरकुत्या शस्त्रक्रियेने वा इंजेक्शनने काढू नयेत. आम्हाला हे बव्हंशी पटते. वय हा आजार नाही. तक्रार वेगळी आहे. दाढी काळी करून दुसरा निकाह करायला निघालेल्याला मोहल्ल्यात कोणी अडवत नाही. काळा रंग टाळा ही हदीस त्याच्यासाठीही आहे. चाळिशीच्या बाईने आरशासमोर गाल वर ओढून पाहिला की मात्र सगळ्यांना शरीयत आठवते. तिच्या चेहऱ्याला म्हातारा म्हणणारी जीभ घरातलीच असेल, तर गुन्हा एकट्या तिच्या नियतीचा कसा?

आणि रेघ वाटते तितकी सरळही नाही. चेहऱ्याच्या लकव्याने एक गाल लोंबला, तर मांडीतली पट्टी घालून तो वर बांधतात. खाल्लेले तोंडातून गळू नये म्हणून हे लागते, तो उपचारच. पण बाई साठीची असेल तर बांधलेला गाल तरुण आणि धडका गाल म्हातारा दिसू लागतो. मग दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून शल्यविशारद कधीकधी धडकी बाजूही ताणतो. तिथे आजार नाही, सुरकुत्याच आहेत. एकाच टेबलावर, एकाच भुलीत, डावा गाल जायज आणि उजवा नाजायज म्हणायचा का? अरफजांची हकिकत समोर ठेवून आम्ही तरी दोन्ही गालांना होकार देऊ. मुफ्ती साहेबांचे मत वेगळे असेल, तर तेही ऐकायची आमची तयारी आहे.