फाइल कुठे आहे?

परवा वरोरच्या नाक्यावर भेटलास. विचारलं, दाव्याची फाइल कुठे आहे? म्हणालास, "घरी असेल, सर." असेल? दहावीत प्रयोगवही मागितली की हेच उत्तर द्यायचास. आता बोट आली, पोरं झाली. उत्तर तेच.

वर मलाच ऐकवलंस, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ही म्हण निदान वाढवणच्या किनाऱ्यावर तरी उच्चारू नकोस. 20 जून 1991 रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 31 ऑक्टोबर 1996 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणूचं प्राधिकरण उभं राहिलं. आणि 1998 मध्ये त्याच प्राधिकरणाने सांगितलं की वाढवणला बंदर होऊ शकत नाही. नुसत्या घोषणांवर असा आदेश निघतो का? कोणीतरी कागद जमवले, पायरी चढलं, तासन्‌तास बसलं. म्हणून तुझ्या बापाने पुढची पंचवीस वर्षं त्याच पाण्यात जाळं टाकलं. तुझ्या शाळेची फी त्या मासळीतून आली. विसरलास?

"पण पुढे काय झालं, सर?" काय झालं ते मला पाठ आहे. 31 जुलै 2023 ला प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. 18 एप्रिल 2024 ला मुंबई हायकोर्टाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्राने 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही. पण दुसरे लढून हरले, ही तू न लिहिलेल्या अर्जाची सबब कशी होते?

19 जानेवारी 2024 ची बंदराची जनसुनावणी आठव. तू घसा बसेपर्यंत ओरडलास. ओरडलास त्याबद्दल माझी तक्रार नाही. पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, तीस दिवस आधी नोटीस काढावी लागते. त्या तीस दिवसांत तू किती पानं वाचलीस? तुझी जाळी कुठे लागतात, कोणत्या महिन्यात काय मिळतं, हे एका कागदावर लिहून दिलंस? अशा सुनावणीला कोरम लागत नाही, बाबा. तू आलास काय, न आलास काय, ती होते. नोंदीत राहतं ते मांडलेलं म्हणणं. आरोळी विरून जाते.

आता फीचं रडगाणं. "हरित न्यायाधिकरण म्हणजे पुणे, सर. तिथली फी आपल्याला कुठून परवडणार?" किती आहे, विचारलंस कधी? भरपाई मागायची नसेल तर अर्जाला किंवा अपिलाला 1,000 रुपये. भरपाई मागितलीस तर त्या रकमेचा एक टक्का, कमीत कमी 1,000. पाच लाख मागितलेस तर पाच हजार. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. भावाच्या हळदीला डीजेवाल्याला किती मोजलेस? तेव्हा परवडलं ना?

शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासींना आणि स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. तुझी आई टोपली घेऊन चिंचणीच्या बाजारात बसते. तिचाही धंदा बुडेल, तिचंही म्हणणं मांडता येतं, हे तुझ्या डोक्यात आलं का? की दावा म्हणजे फक्त बोटवाल्या पुरुषांचा?

"वकीलसाहेब बघतील." काय बघतील, तुझं तोंड? बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना, डिझेलच्या पावत्या, सोसायटीचा दाखला, मासळी विकल्याच्या चिठ्ठ्या, हे सगळं तुझ्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. ते वकिलाच्या कपाटात आपोआप उगवणार नाही. वर्षाप्रमाणे लाव. पानांना नंबर घाल. झेरॉक्स काढ. मराठी कागदांचं भाषांतर करून घ्यावं लागतं, ते तारखेच्या आदल्या रात्री होत नाही. एका पानावर तारीखवार लिही: काय घडलं, केव्हा घडलं, पुरावा कोणता. इतिहासाच्या पेपरात सनावळी तोंडपाठ लिहिणारा पोरगा होतास तू. जमत नाही म्हणू नकोस. करायचं नाही म्हण.

आणि मुदत! पर्यावरण परवानगीविरुद्ध अपिलाला 30 दिवस, पुरेसं कारण दाखवलंस तर आणखी 60. त्यानंतर तुझी बाजू कितीही खरी असो, दार बंद. भरपाईच्या दाव्याला पाच वर्षं आहेत म्हणून तू निवांत आहेस. पाच वर्षं जुनी डिझेलची पावती वाळवीच्या तोंडून काढून देशील? उधाण कधी, भांग कधी, कोणत्या तिथीला पाणी किती वाजता ओसरतं, हे झोपेतून उठवलं तरी सांगशील. भरतीला दहा मिनिटं उशीर केलास तर बोट चिखलात रुतते, हे तुला कळतं. मग कोर्टाची तारीख तुझ्यासाठी खोळंबून राहील, असं कोणी सांगितलं तुला?

तू ढ असतास तर मी एवढं बोललो नसतो. ढ पोराला समजावतात. तुला सगळं समजतं, म्हणून माझा संताप होतो.

सोमवारी अकरा वाजता डहाणूच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायचं आहे. पेटी घेऊन ये. आईलाही आण. मी दारात उभा असेन.