उजळणी कोणाची होते?

दहावीच्या वर्गाला मी विज्ञान शिकवते. जानेवारीत पोर्शन संपला की वेळापत्रकात उजळणीचे तास लागतात. या तासांना मी मनापासून तयारी करून जाते. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा अख्खा पाठ एका तासात फळ्यावर उभा राहतो. किरणाकृत्या, चिन्ह संकेत, सूत्र, दृष्टिदोष, सगळं. ‘समजलं ना?’ म्हटलं की वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो. घंटा होते आणि मी समाधानाने बाहेर पडते.

हे समाधान कशाचं, हे आता मला स्वतःला विचारायला हवं. त्या तासाला पुस्तक न उघडता सगळं आठवणारी, क्रम लावणारी, आकृती काढणारी वर्गात एकच व्यक्ती असते, आणि ती मी. मुलं बघत असतात. उजळणी होते ती माझी.

परवा एका मुलीची वही बघत होते. अक्षर सुरेख, शीर्षकं गुलाबी पेनाने, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर. निकटदृष्टितेचा भाग तिने अनेकदा वाचला होता; पानाच्या कडा सांगत होत्या. मी वही मिटायला सांगितली आणि मागच्या कोऱ्या पानावर तीच आकृती काढ म्हटलं. तिने डोळा काढला, भिंग काढलं, दुरून येणारे समांतर किरण आखले आणि पेन्सिल थांबली. किरण मिळणार कुठे? दृष्टिपटलावर, पुढे की मागे? ‘बाई, पान डोळ्यांसमोर येतंय. उजवीकडे आहे, गुलाबी रेघेच्या वर. पण टिंब कुठे होतं ते दिसत नाहीये.’ मी बोलले नाही. जरा वेळाने ती आपल्याशीच पुटपुटायला लागली, जवळचं नीट दिसतं, लांबचं धूसर, म्हणजे किरण आधीच एकत्र येत असणार. तिने दृष्टिपटलाच्या अलीकडे टिंब दिलं, वही उघडून ताडून पाहिलं आणि मग अंतर्गोल भिंग न विचारता काढलं. ती दोन-तीन मिनिटं गप्प राहणं मला जड गेलं. उत्तर जिभेवर असताना ते न सांगणं हा शिक्षकाच्या स्वभावाला जाच आहे. पण तेवढ्यात जे झालं, ते तिच्या वाचनांनी झालं नव्हतं.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्ही वेळा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे : आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांना जास्त होती. त्याहून कितीतरी आधी, १८८५ साली, एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलं होतं, की एका दिवशी ६८ आवर्तनांनी जे साधतं ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधतं.

आपल्याकडे हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? दिवेलागणीला परवचा म्हणताना पुस्तक कुणाच्याच हातात नसायचं. रोज थोडं, रोज तोंडपाठ, आणि ओट्यावरची मोठी माणसं मध्येच ‘तेरा साते?’ विचारायची, की क्रमाच्या आधारावर तरून जाता येऊ नये. अर्थ कळो न कळो म्हणून घोकायला लावणं मला कधीच पटलेलं नाही, पण त्या पद्धतीतली ही शिस्त आपण घोकंपट्टीबरोबर टाकून दिली.

मग मी उजळणीच्या तासाला अजून फळाच का भरते? प्रामाणिक उत्तर असं, की फळा भरला की माझं कर्तव्य झाल्यासारखं वाटतं. पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, ‘रिव्हिजन किती झाली?’ पाठ मोजून सांगता येतात. उलट मुलांना कोरे कागद दिले तर वर्गात शांतता पसरते, आणि निम्मे कागद निम्मेच भरतात. ती शांतता सोसण्याची माझी तयारी आहे का? अर्ध्या कागदाकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं? कपाळाला आठी पडली, किंवा त्या कागदाला गुण दिले, की मूल पुढच्या वेळी पुस्तकाच्या आड जाऊन बसेल. वाचत राहण्यात त्याला आपलं न येणं दिसत नाही, म्हणून तर ते वाचत राहतं. कोरा कागद फक्त त्याचा त्याला दिसावा, मला दाखवायचा की नाही हे त्याने ठरवावं, एवढी मोकळीक देणं माझ्या हातात आहे. फेब्रुवारीपासून तासाची पहिली दहा मिनिटं त्यासाठीच ठेवायची असं ठरवलं आहे : आज कालचा पाठ नव्हे, पंधरवड्यापूर्वीचा.

एका जागी मात्र मन अजून निवांत नाही. वर्गात एक मुलगा आहे. सकाळी दूध घालतो, संध्याकाळी वडिलांच्या गाड्यावर उभा राहतो. त्याला ३५ गुण हवेत, आणि खरोखर हवेत. त्यावर त्याचा आयटीआयचा प्रवेश अवलंबून आहे. महिनाभराच्या अंतराने उजळणी कर, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्याला मी निवडक प्रश्न काढून दिले आहेत. परीक्षेपुरतं शिकवणं मला मान्य नाही, तरी ते दिले. सोमवारचे प्रश्न गुरुवारी परत विचारते, उत्तरं तो वही मिटून लिहितो, कधी नुसतीच तोंडी सांगतो. बरेच पाठ त्याने सोडून द्यावेत हेही मीच सांगितलं. त्याला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचा आहे. म्हणून ‘विद्युतधारेचे परिणाम’ तेवढा मी सोडू दिलेला नाही. फ्यूजची तार का वितळते, हे त्याला मार्चनंतरही यायला हवं.