सोंग आणि ढोंग

मराठीत हे दोन शब्द जोडीनं फिरतात, म्हणून आपण त्यांना सख्खे भाऊ समजतो. पण आमच्या नेवासे तालुक्यात सोंग हा शब्द कधी वाईट नव्हता. जत्रेत सोंगं निघायची. सुगीला बहुरूपी फौजदार होऊन दारात यायचा, आजीला बेड्या घालायची धमकी द्यायचा, आणि आजी पदराआड हसत त्याच्या झोळीत सूपभर ज्वारी घालायची. त्यानं फसवलं असं कुणाला वाटायचं नाही. ढोंग्याला मात्र कुणी ज्वारी घालत नाही. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठून जाते, हे मला आमच्या सरांकडे बघून कळत गेलं.

सर ख्रिस्ती होते, आणि नुसते नावाचे नव्हते. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. सरांच्या आजोबांनी महारवाड्यातून जाऊन वडाळ्याच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेला. रविवारी सर सायकलला पिशवी अडकवून उपासनेला निघायचे. पिशवीत पवित्र शास्त्र आणि टाळ. ना. वा. टिळकांचे अभंग ते असे म्हणायचे की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, दिंडीच चाललीय.

शाळेच्या दप्तरी ते मराठीचे शिक्षक. नाटक हा विषय वेळापत्रकात कुठंच नव्हता. पण शाळा सुटली की व्हरांड्यात तालीम बसायची. बायकांची लुगडी जोडून पडदा व्हायचा, चुलीच्या काजळीच्या मिशा व्हायच्या. पैठण आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे एकनाथांची भारुडं आमच्या घरचीच. नाथांनी त्यात वासुदेव, जोशी, गोंधळी अशी किती सोंगं घेतली. स्वतः ब्राह्मण असून महाराच्या तोंडचे जोहारही लिहिले. सर एकदा असाच एक जोहार बसवत होते आणि महाराचं काम त्यांनी पाटलाच्या पोराला दिलं. ते पोरगं ताठच उभं राहायचं.

"आरं, पाटील घरी ठेवून ये," सर म्हणाले. "आधी कंबर वाकव. मान आपोआप वाकंल. माझ्या आज्याची वाकायची."

व्हरांडा चिडीचूप झाला. पोरगं वाकलं. सर त्याला पुढं काहीच बोलले नाहीत. सोंग घेणं म्हणजे दुसऱ्याच्या कमरेचं ओझं तासभर आपल्या कमरेवर घेणं, एवढं आम्हाला त्या दिवशी समजलं.

हे नाटकाचं वेड त्यांच्या मंडळीतल्या सगळ्यांना रुचत नव्हतं. एका पाळकांनी त्यांना ऐकवलं होतं की येशूनं ज्यांना ढोंगी म्हटलं, त्यांच्यासाठी शास्त्रातला मूळ ग्रीक शब्दच 'नट' असा आहे. ही गोष्ट खरी आहे. 'हुपोक्रितेस' म्हणजे ग्रीक रंगभूमीवरचा नट. सर भाविक होते, त्यामुळे हे त्यांना लागलं. बरेच दिवस ते गप्प गप्प होते. मग एकदा तालमीनंतर गॅसबत्ती विझवता विझवता आपणच म्हणाले, "नट चूक नाही. नट रस्त्यावर आला की चूक. स्टेजवर समोरच्याला ठाऊक असतं, हा राजा नाही, हा आपला गणपाचा पोर. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यापुढं वेश घेतला, की झालं ढोंग."

ही रेघ त्यांनी स्वतःसाठीही सोडली नाही. प्रयोगाआधी नारळ फुटायचा, नटराजाची पूजा व्हायची. सर बाजूला मान खाली घालून उभे राहायचे. एका वर्षी संस्थेच्या पुढाऱ्यांनी आग्रह धरला, "सर, आरती तुमच्याच हातून." सरांनी हात जोडले, म्हणाले, "साहेब, सोंग मी स्टेजवर घेतो. देवापुढं नाही. तुमच्याही नाही, माझ्याही नाही." पुढारी हसले, पण पुढं कुणी आग्रह केला नाही.

इथवर गोष्ट सोपी आहे. अवघड झाली ती एका फॉर्मपाशी.

१९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले बाहेरच राहिले. म्हणजे आजोबानं देव बदलला म्हणून नातवाची सवलत गेली. गावानं पाण्याची जागा मात्र बदललेली नव्हती. त्यामुळे आमच्याकडे कितीतरी घरांत दोन नावं असतात, एक मंडळीतलं आणि एक कागदावरचं. सरांच्या मुलाच्या कॉलेजच्या वेळी कारकुनानं आपुलकीनं सांगितलं, "सर, हिंदू लिहा, पुढं जात लिहा. फी माफ होईल." सरांनी 'ख्रिस्ती' लिहिलं. फी जमली नाही. मुलगा कारखान्यावर वर्कशॉपला लागला.

सरांच्या धाकट्या भावानं दुसरा रस्ता धरला होता. कागदावर हिंदू राहून त्याला सरकारी नोकरी लागली. नाताळला तो उपासनेला यायचा तो मागच्या बाकावर बसायचा. कुणीतरी त्याला ढोंगी म्हणालं, तेव्हा शांत स्वभावाचे सर उसळले. "येशू हा शब्द कुणाला लावतो ते वाचा," म्हणाले. "चौकात उभं राहून दिसावं म्हणून प्रार्थना करणाऱ्याला. विधवांची घरं गिळणाऱ्याला. पोटासाठी नाव झाकणाऱ्याला नाही."

मला वर्षानुवर्षं हे कोडं पडलं. भावाला माफ, मग स्वतःला का नाही? आणि मुलाचं काय? तो मला एकदा म्हणाला होता, "बाबांच्या देवाची फी मी भरली." यात राग होता, आणि तो खोटा नव्हता.

सरांच्या उतारवयात मी हे त्यांच्यापुढं काढलं. आपली बाजू मांडायची त्यांनी काही खटपट केली नाही. म्हणाले, "माझ्याच्यानं लिहवलं नाही, एवढंच. भावाला लिहवलं, त्याचं पोट मोठं होतं, देव बघून घेईल. पण पोरगा म्हणतो ते खरं आहे. खऱ्याची किंमत मी एकट्यानं दिली असं मी सांगत फिरलो, तर ते पण ढोंगच."

आपण खरं बोलणाऱ्या माणसांचे पुतळे उभारतो आणि त्यांच्या खऱ्यापायी कुणाचं शिक्षण राहिलं, कुणाचं लग्न लांबलं, हे चौथऱ्याखाली गाडून टाकतो. सरांनी ते गाडलं नाही. मुलाच्या पगारातला एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही, आणि मुलाचा राग कधी खोडून काढला नाही. तो त्याचा हक्कच आहे असं मानून त्याच घरात राहिले.

माणसाला पोटासाठी आपल्या देवाचं नाव झाकायला लावतो, तो कागदच मला यातला पहिला ढोंगी वाटतो. पण कागदाला दोष देऊन मुलाची वर्षं परत येत नाहीत. खरेपणा माणसाकडून आणखी काय मागतो, ते मला सरांकडे दिसलं: आपल्या खऱ्याचं बिल कुणी भरलं, ते त्याच्या नावानिशी मान्य करणं.