मन धुणे आणि मेंदू धुणे

गेल्या माघात एका गावी सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्रीची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. कीर्तन आटोपून आम्ही मंडपातच चहा घेत बसलो असता गावातली चार-सहा कॉलेजात जाणारी मुले जवळ आली. त्यांतल्या एकाने मोबाइलवर कोणा वक्त्याचे भाषण लावून दाखविले. त्याचे सार असे, की धर्मग्रंथ म्हणजे, आणि त्यातही बायबल व ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे, निव्वळ ‘ब्रेनवॉशिंग’ आहे. लहान पोरांचा मेंदू धुऊन काढायचा आणि त्यात आपल्याला हवे ते भरायचे, ह्यापलीकडे त्यात काही नाही. भोवतालच्या मंडळींना हे फार आवडले. एक वृद्ध टाळकरी मान डोलवून म्हणाले, “खरं आहे महाराज, त्यांचं सगळं तसंच.” एवढ्यात मागे उभा असलेला एक मुलगा हळूच बोलला, “महाराज, मग आपलं काय? मला तरी हरिपाठ कुठे विचारून शिकवला होता?”

सगळे गप्प झाले. आम्ही “उद्या काल्यानंतर सांगतो, बाळ,” म्हणून वेळ मारून नेली. तो मुलगा परीक्षेसाठी पहाटेच्या एसटीने निघून गेला आणि उत्तर आमच्याकडेच राहिले. ते आज येथे देत आहोत. कारण ते त्याला जितके हवे आहे तितकेच आम्हांलाही हवे आहे. आमच्याकडून वडिलांनी हरिपाठ पाचव्या वर्षी पाठ करवून घेतला, तोही न विचारताच. तो जर मेंदू धुण्याचा प्रकार असेल, तर गेली चाळीस वर्षे गावोगाव हिंडून आम्ही केले तरी काय?

आधी शब्दाचे मूळ पाहू. हा शब्द फार जुना नाही. एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १९५० साली तो रूढ केला. चिनी भाषेत ‘मेंदू धुणे’ अशा अर्थाचा शब्द होता, त्याचेच हे इंग्रजी रूप. चीनमध्ये १९४९ साली साम्यवादी राजवट आली. कैद्याला कोंडायचे, त्याची झोप मोडायची, त्याच्याकडून पुन्हापुन्हा कबुलीजबाब लिहून घ्यायचे आणि तो आपलीच भाषा बोलू लागेपर्यंत सोडायचे नाही, अशी तिथली पद्धत होती. पुढे कोरियाचे युद्ध झाले. १९५३ साली ते थांबल्यावर साडेतीन हजारांहून अधिक अमेरिकन कैदी मायदेशी परतले. २१ जणांनी मात्र परत जाण्यास नकार दिला. त्या एकवीसजणांनी सगळी अमेरिका हादरून गेली. पण त्यांतलेही बहुतेक पुढे मायदेशी आले. म्हणजे कोंडून धुतलेला मेंदूसुद्धा दार उघडे सापडताच पुष्कळदा घराची वाट धरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्या प्रकाराचा खोल अभ्यास रॉबर्ट लिफ्टन ह्या मनोवैद्याने केला. चीनमधून सुटून हाँगकाँगला आलेल्या चाळीस माणसांशी त्याने दीर्घ बोलणी केली आणि १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या चाळिसांत कित्येक ख्रिस्ती मिशनरी आणि पाद्री होते. काय योग पाहा! ज्या शब्दाने आज ख्रिस्ती माणसाला झोडपतात, त्या शब्दामागचे दुःख ज्यांनी सोसले त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकच होते. तथापि एवढ्यावरून ख्रिस्ती धर्म सुटला असे नाही. हीच लक्षणे एखाद्या धर्मपंथातही दिसू शकतात, असे लिफ्टनने त्याच ग्रंथात सांगून ठेवले आहे.

तर मग लक्षण कोणते? आमच्या गुरुजींनी तर्कशास्त्र शिकविताना गाईचे उदाहरण दिले होते. ‘जिला शिंगे ती गाय’ म्हणावे तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस ती गाय’ म्हणावे तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. जिच्या गळ्याखाली पोळी लोंबते ती गाय, हे खरे लक्षण. आमच्या विषयालाही ही कसोटी लावू.

पूर्वपक्ष असा आहे: लहानपणी शिकविणे, तेच तेच वदवून घेणे, सर्वांनी मिळून गाणे, पापाची कबुली देणे, नरकाचे भय दाखविणे हे सगळे ख्रिस्ती धर्मात आहे, म्हणून ते मेंदू धुणे आहे. आता पाढे आम्ही पाठच केले. मराठी भाषा आईने विचारून शिकविली नाही. शाळेतली प्रार्थनाही सर्वांनी मिळूनच म्हटली. हे सगळे मेंदू धुणे म्हणाल तर जगात न धुतलेला मेंदू एकही उरणार नाही, बोलणाऱ्या त्या वक्त्याचादेखील. ही झाली अतिव्याप्ती. उलट कोणी म्हणेल, जेथे तुरुंग आणि बंदूक तेथेच मेंदू धुणे, एरवी नाही. तर तेही अपुरे पडते. जिम जोन्स नावाच्या अमेरिकन उपदेशकामागे लोक आपण होऊन गेले होते. त्याने त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जंगलातल्या वसाहतीत नेले. तेथे पारपत्रे काढून घेतली, पत्रे उघडून वाचली, वेशीवर पहारे बसविले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याच्या आज्ञेने विषप्रयोग झाला आणि नऊशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे तीनशे मुले होती. जाताना दार उघडे होते, ते मागाहून बंद झाले.

म्हणून आम्हांला लक्षण दिसते ते असे: ज्या शिकवणीत प्रश्न विचारण्याची, दुसरे काही ऐकण्याची आणि सोडून जाण्याची अशा तिन्ही वाटा जाणूनबुजून बंद केलेल्या असतात, ते मेंदू धुणे. गळ्याखालची पोळी ती हीच.

आता हे लक्षण ख्रिस्ती ग्रंथाला लावून पाहू. येशूचे चरित्र बायबलात चौघांनी सांगितले आहे आणि चौघांचे सांगणे सर्वत्र जुळत नाही. दुसऱ्या शतकात ताशियन नावाच्या लेखकाने चारांचे मिळून एकच सलग चरित्र तयार केले. सीरियातल्या मंडळ्यांत ते पाचव्या शतकापर्यंत चालले. पण शेवटी चार वेगळीच राहिली. ज्याला मेंदू धुवायचा आहे तो चार साक्षी कशाला ठेवील? तो एकच ठेवील, घोटून पक्की केलेली. त्याच ग्रंथात थोमा नावाचा शिष्य जखमांना हात लावल्यावाचून विश्वास ठेवायला तयार नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी हाकलून देत नाही. हाच थोमा केरळात आला, अशी तिकडच्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. ईयोब नावाच्या सज्जनाची कथा तर आमच्या वारकऱ्यांनी अवश्य ऐकावी. त्याच्यावर संकटांमागून संकटे येतात. मित्र येऊन सांगतात, ‘तुझेच काही पाप असेल.’ तो ऐकत नाही, सरळ देवाशी भांडतो. देव त्यालाही चार शब्द सुनावतो, पण शेवटी चुकीचे ठरतात ते देवाची वकिली करणारे मित्रच. जेथे देवाशी भांडणाऱ्याची गोष्ट पवित्र ग्रंथात जपून ठेवली आहे, तेथे प्रश्नाची वाट ग्रंथाने बंद केली असे कसे म्हणावे?

मग वाट बंद करतो कोण? ह्याचा उलगडा एका लहानशा पुस्तकाने होतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी एक निवडक बायबल छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के भाग आणि नव्या करारातला सुमारे निम्मा भाग गाळला होता. मोशेने गुलाम झालेल्या लोकांना मिसर देशातून सोडवून नेले, ती कथा गाळली. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तापाशी नाही, हे पौलाचे सांगणे गाळले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे तेवढे ठेवले. वाचकहो, विचार करा. ग्रंथच जर मेंदू धुण्याचे साधन असता, तर धन्यांना तो कातरावा का लागला असता? त्यांना भय होते ते पूर्ण ग्रंथाचे.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीत जन्मलेला आणि तीतून पळून सुटलेला पुरुष. आपल्याबरोबरच्या गुलामांना बायबल वाचता यावे म्हणून त्याने रविवारची शाळा चालविली. ती उधळायला काठ्या घेऊन आले तेही ख्रिस्तीच. १८४५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्याच्या शेवटी ख्रिस्ताचा धर्म आणि धन्यांचा धर्म हे दोन वेगळे आहेत, असे स्वच्छ सांगितले. चाबूक ज्याच्या पाठीवर पडला त्यानेच हा विवेक केला.

पण विवेक करायचा तर दुसरी बाजूही झाकू नये. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मध्ये थोडा खंड सोडता, धर्मन्यायासनाचा अंमल होता. तेथे मनाची वाट मोकळी नव्हती. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून १९९० नंतरपर्यंत आदिवासींची सुमारे दीड लाख मुले वसतिशाळांत घातली गेली. पैसा सरकारचा, आणि बहुतेक शाळा चालविणारी ख्रिस्ती मंडळे. पोर आपल्या आईच्या भाषेत बोलले तर शिक्षा. त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने २०१५ साली ह्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी तेथे जाऊन क्षमा मागितली. तिन्ही वाटा बंद होत्या. ह्याला मेंदू धुणे म्हणायला आम्ही कचरणार नाही.

आमच्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. पंडिता रमाबाई ह्या अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या. पुराण सांगत साऱ्या देशभर पायी हिंडलेले ते घर. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडे पुष्कळांनी म्हटले, की मिशनऱ्यांनी बाईला फितविले. पण त्याच रमाबाई तेथल्या धर्मभगिनींशी त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालीत होत्या आणि ‘माझी बुद्धी मी कोणाच्या हाती दिलेली नाही’ अशा वृत्तीने वागत होत्या. पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकून त्यांनी बायबल स्वतः मराठीत आणले. त्यांचा निर्णय आम्हांला पटतो की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ज्या बाईने जुन्या आणि नव्या दोन्ही घरांत प्रश्न विचारले, तिचा मेंदू कोणी धुतला असे म्हणणे म्हणजे तिला बुद्धीच नव्हती असे म्हणणे होय. तो अपराध आमच्या हातून न घडो.

येथवर दुसऱ्याचे झाले. आता आमचे.

काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही चोखोबांचे चरित्र लावले होते. देव त्यांच्यासाठी कसा धावला, हे आम्ही रंगवून सांगितले. कीर्तनानंतर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, “महाराज, विठ्ठल सगळ्यांचा, तर मग चोखोबांना देवळात का नाही जाऊ दिलं?” आम्ही काय केले? तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “मोठी झालीस की कळेल. जा, बुक्का लाव.” आजूबाजूचे हसले. ती मान खाली घालून गेली.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. ती तेथे का आहे, आत का नाही, हे आम्हांला ठाऊक होते. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, हेही ठाऊक होते. पण चमत्कार सांगितला आणि दार गाळले. लंडनच्या त्या छापखान्यात १८०७ साली जे झाले, तेच आमच्या मंडपात झाले. फरक इतकाच, की त्यांनी कात्री वापरली, आम्ही टाळी वाजविली.

हे लिहिताना आम्हांला लाज वाटते. पण ती टाळकरी बुवांना आणि आम्हां सर्वांनाच लागू आहे. दुसऱ्याच्या ग्रंथाला एक माप आणि आपल्याला दुसरे, हा व्यापार वाण्यालाही शोभत नाही, वारकऱ्याला कोठून शोभेल? गीतेच्या अठरा अध्यायांत अर्जुन प्रश्नांमागून प्रश्न करतो आणि सर्व सांगून झाल्यावर भगवंत त्याला ‘नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर’ अशी मोकळीक देतात. खुद्द भगवंतांनी जी वाट मोकळी ठेवली ती अडविण्याचा अधिकार कीर्तनकाराला कोणी दिला?

तर बाळ, तुझे उत्तर हे असे. हरिपाठ तुला विचारून शिकविला नाही, हे खरे. आईबापांनी आपल्याजवळ होते त्यांतले उत्तम ते दिले. ख्रिस्ती घरातले आईबापही तेच करतात. देणे हा दोष नव्हे. ते उलटून पाहू न देणे, दुसरे काही ऐकू न देणे, आणि नको झाले तर ठेवू न देणे, हा दोष. तू चारचौघांत उभा राहून प्रश्न केलास ह्याचा अर्थ तुझा मेंदू शाबूत आहे. आता आम्ही तुला उठवून लावतो की जवळ बसवितो, ह्यावर आमची परीक्षा आहे. मन ज्याचे त्याने धुवायचे असते. संत त्यासाठी पाणी दाखवितात. मेंदू मात्र दुसरा धुतो, आणि ज्याचा धुतला जातो त्याला पत्ता नसतो.

येत्या वारीत भेटलास तर दिंडीत आमच्याजवळ चाल आणि उरलेले प्रश्न विचार. त्या गावी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ती मुलगी आता बरीच मोठी झाली असेल. चोखोबांचेच चरित्र लावू, आणि ह्या खेपेस दारापाशी थांबू.

॥ रामकृष्णहरि ॥